मापटं, चिपटं आणि पाचशेची नोट

पुस्तिकेच्या उत्तरसूचीत छपाईची चूक होती म्हणून मला कळलं. नाहीतर धाकटीनं नऊ दिवसांत बावीस पानं संपवली याचं कौतुक मी सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटले असते.

१४ गुणिले ३६. उत्तर ५०४. उत्तरसूचीत छापलं होतं ५४०, आणि धाकटीच्या पानावरही सुवाच्य अक्षरात ५४०. खाली मांडणी नाही, खाडाखोड नाही, पेन्सिल अडखळल्याची एक खूण नाही. मग मागची पानं चाळली. सगळीच अशी स्वच्छ. गणित करणाऱ्या मुलाचं पान इतकं स्वच्छ नसतं, हे तोवर माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी स्वतः एका कंपनीत अकाउंट्सला आहे. दुसऱ्यांची बिलं तपासून पगार घेते. आणि घरच्या बिलाला डोळे मिटून सही करत होते.

विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, "तू उत्तरंच तर तपासतेस. ती बरोबर होती ना?"

यावर माझ्याकडे काहीच नव्हतं.

ही गोष्ट २०२५ च्या मे महिन्यातली. धाकटी चौथी पास होऊन पाचवीत जायची होती, थोरला आठवीतून नववीत. १ मेला निकाल लागला आणि त्याच संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून ती अठ्ठेचाळीस पानी पुस्तिका आणली. कारण असं की वर्गातल्या आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी अबॅकस लावला होता, कुणी वेदिक मॅथ्स, कुणी मोबाइलवरचं अ‍ॅप. त्यात मी कुठेतरी 'समर लर्निंग लॉस'बद्दल वाचलं होतं. हॅरिस कूपर नावाच्या अमेरिकन संशोधकानं सहकाऱ्यांबरोबर १९९६ साली ३९ जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं साधारण महिन्याभराचं शिक्षण मागे जातात, आणि वाचनापेक्षा आकडेमोड जास्त विसरतात, असा त्याचा निष्कर्ष. माझ्या पोटात गोळा यायला तेवढं पुरे होतं. अमेरिकेतली सुट्टी आपल्यापेक्षा बरीच लांब असते आणि आपली सहा आठवड्यांत संपते, हा विचार नंतर सुचला. तिथल्याच पुढच्या संशोधकांनी या आकड्यांबद्दल शंका घेतल्यात, हेही नंतरच कळलं.

तर नवव्या दिवशी पुस्तिका बंद झाली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि सोमवारी बुद्धपौर्णिमेची सुट्टी. चार दिवस रजा टाकली, पोरांना घेऊन एसटीनं पंढरपूर, तिथून मंगळवेढ्याच्या बाजूला माझ्या माहेरी. पुस्तिका पिशवीत घेतली होती, खोटं कशाला सांगू. तिकडे ती उघडली मात्र नाही.

*

मंगळवेढा म्हणजे ज्वारी. काळी कसदार जमीन, मालदांडीची शाळूची ज्वारी, आणि ज्वारी आली की मागोमाग कडबा. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, रानात कडब्याची गंज लागलेली होती आणि आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक ट्रॅक्टर घेऊन आलं.

कडबा मोजायची रीत मी लहानपणापासून बघितलेली, पण तिच्याकडे लक्ष असं कधी दिलं नव्हतं. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. वीस पाचुंद्यांचा शेकडा. एक माणूस गंजीवरून पाच-पाच पेंढ्या खाली देतो, दुसरा ट्रॉलीत रचतो, आणि मोजणारा बाजूला उभा राहून मोठ्यानं मोजतो. पहिल्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. वीस झाले की एक खडा बाजूला ठेवायचा आणि परत लाभापासून सुरू.

आबांनी खड्यांचं काम धाकटीला दिलं. थोरल्याला ट्रॉलीत चढवलं. तो तासाभरात "अंग खाजतंय" म्हणून उतरला आणि उरलेली सुट्टी क्रिकेट खेळला. त्याच्या गणिताचं मी या सुट्टीत काहीही केलं नाही, हे इथंच सांगून टाकते.

धाकटी मात्र उन्हात टोपी घालून बसली. "लाभ म्हणजे काय, आबा?"

"एकानं सुरुवात करू न्हाई. लाभानं करावी. मोज तू, चुकशील."

ती चुकली नाही. शेवटी तिच्यापुढे सहा खडे होते आणि वर नऊ पाचुंदे. गिऱ्हाइकानं मोबाइल काढला. भाव ठरला होता शेकडा अठराशे. आबांनी त्याला हातानं थांबवलं आणि धाकटीला विचारलं, "काय गं बाय, पैसं किती घ्यायचं?"

माझा जीव वरखाली. हे तर पुस्तिकेतल्या शेवटच्या पानांसारखं गणित. पण ती बोलायला लागली, आणि मी तिचं बोलणं जसंच्या तसं लक्षात ठेवलं आहे. "शेकड्यात वीस पाचुंदे. वीसचे अठराशे. म्हणजे दहाचे नऊशे. म्हणजे एकाचे नव्वद. नऊचे नव्वद नवे आठशे दहा." मग खड्यांकडे बघून, "अठरा सक एकशे आठ, म्हणजे दहा हजार आठशे. आणि आठशे दहा. अकरा हजार सहाशे दहा."

गिऱ्हाइकानं मोबाइलवर ६४५ गुणिले १८ केलं आणि मान डोलावली.

मी त्याच रात्री ग्रुपवर लिहिलं. तेही सांगते, कारण पुढं माझं नाक कापलं जायचं होतं. "क्लास नको, अ‍ॅप नको, मुलांना गावी न्या, गणित आपोआप येतं," असं काहीबाही. चाळीसेक अंगठे आणि फुलं आली.

*

नाक कापायची सुरुवात तिसऱ्याच दिवशी झाली. घरच्या गाईसाठी राखलेला कडबा मोजून वहीत मांडायचा होता. आबा म्हणाले, "एकोणसाठ पाचुंदं." धाकटीनं लिहिलं ६९. खाली पेंढ्या, ३४५. आबांनी चष्मा लावून वही बघितली आणि म्हणाले, "पन्नास पेंढ्या जास्तीच्या कुठनं आणल्या? गाईनं घातल्या व्हय?"

तिची शाळा सेमी-इंग्लिश. गणित इंग्रजीतून. तिला फिफ्टी नाईन कळतं, एकोणसाठ ऐकलं की कानात 'साठ' राहतं आणि 'एकोण' म्हणजे नऊ एवढं अंधुक आठवतं. मग साठ आणि नऊ. तिचा तर्क तिच्या बाजूनं पक्का होता. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं संख्यावाचन दिलं तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली होती. त्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या की लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम उलटा असल्यानं मुलं अडखळतात. थट्टा करणाऱ्यांत मीही होते. त्या दिवशी ६९ बघून जरा गप्प बसले.

आबांनी मात्र दोन मिनिटांत काम केलं. "एक ऊन साठ. ऊन म्हंजे कमी. साठाला एक कमी." मग एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणऐंशी, एकोणनव्वद. तिला ते कोड्यासारखं वाटलं आणि दिवसभर ती मला एकोण घालून काहीबाही विचारत राहिली. "नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?" मला अजून माहीत नाही.

आईच्या मापांची गंमत वेगळी. आईकडे अजून पितळेचं मापटं आणि चिपटं आहे. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. रोज सकाळी दळणाची ज्वारी ती त्यानंच काढते, किलोवर तिचा भरवसा नाही. धाकटीनं दोन दिवसांत ते उचललं. एका सकाळी आई म्हणाली, "मापटंभर घे आणि वर एक चिपटं." धाकटी म्हणाली, "म्हणजे तीन चिपटी. पाऊण शेर."

मला राहवलं नाही. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलं, १/२ + १/४. म्हटलं, कर.

तिनं लिहिलं २/६.

वरच्यात वरचा मिळवला, खालच्यात खालचा. ज्वारी अजून सुपात होती.

मी आवाज चढवणार होते, तेवढ्यात आईनं "पोरीला चहा दे आधी" म्हणून मला आत पाठवलं. चहा गाळताना सुचलं की ओरडण्यापेक्षा तिलाच विचारावं. बाहेर येऊन म्हटलं, "शेराचे सहा भाग केले आणि दोन घेतले, तर अर्ध्याहून जास्त झाले का कमी?" ती म्हणाली, "अर्धे म्हणजे तीन भाग. दोन म्हणजे कमी." "मग अर्ध्यात चिपटं ओतल्यावर ज्वारी कमी झाली?"

ती हसली. मग बराच वेळ सुपाकडे बघत बसली. मी गप्प राहिले. माझ्या स्वभावाला ते फार जड गेलं, आणि सगळ्या सुट्टीत मी केलेलं बहुधा सगळ्यात कष्टाचं काम तेच. शेवटी तिनं मापटं उचललं, चिपट्यात दोनदा ओतून बघितलं, आणि म्हणाली, "मापटं मापट्यात मोजायचं नाही. मापटं पण चिपट्यातच मोजायचं." मग १/२ वर काट मारून २/४ लिहिलं. छेद समान करणे हे पाचवीचं प्रकरण आहे. त्या नावाचा उच्चार मी केला नाही, शाळेत येईल तेव्हा येईल.

*

रजा संपली, मी पुण्याला परतले, पोरं तिथंच राहिली. रोज संध्याकाळी फोन. काय खाल्लं, किती मोजलं. त्या आठवड्यात पाऊस लागला. त्या वर्षीचा मे कुणी विसरणार नाही, २६ मेला मान्सून मुंबईत पोचला होता, इतक्या लवकर तो गेल्या पाऊणशे वर्षांत आला नव्हता. आमच्याकडे त्याआधीच वळवानं झोडपायला सुरुवात केलेली. आबा रात्री उठून गंजीवर ताडपत्री घालत होते. फोनवर धाकटी सांगायची, "आई, आज तीन पाचुंदे भिजले, आबा म्हणाले ते उन्हात घालायचे, पण ऊनच नाही."

२४ तारखेला, शनिवारी, मी त्यांना आणायला पुन्हा गेले. पाऊस असल्यानं घरातच कोंडून होतो. दुपारी उघडीप मिळाली तेव्हा आईनं धाकटीला पाचशेची नोट देऊन वाण्याकडे पाठवलं. चहा, साखर, दोन साबण, शेंगदाणे. बिल झालं २७३. ती परत आली, सुट्टे पैसे आईच्या हातात देत म्हणाली, "दोनशे सत्तावीस. मी दुकानातच मोजून घेतले. त्र्याहत्तरला सात टाकले की ऐंशी, मग वीस टाकले की तीनशे, मग दोनशे."

मला परत मोह झाला. कॅलेंडरचं तेच पान. उभी मांडणी करून दिली. वर ५००, खाली २७३.

३७३.

तीनातून शून्य गेले तीन, सातातून शून्य गेले सात, पाचातून दोन गेले तीन. ज्यातून जे वजा होईल ते केलं. मी म्हटलं, "अगं, आत्ता तू काय सांगितलंस? पाचशे घेऊन गेलीस, पावणेतीनशेचं सामान आणलंस, आणि पावणेचारशे परत आले?"

तिनं माझ्याकडे मी अडाणी असल्यासारखं बघितलं. "ते दुकानातलं आहे, आई. ही वजाबाकी आहे."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. कारण त्याच वर्षी फेब्रुवारीत 'नेचर' या विज्ञान-साप्ताहिकात आलेल्या एका अभ्यासाची बातमी मी वाचली होती आणि वाचून विसरून गेले होते. नोबेल मिळवलेले अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांना तपासलं होतं. बटाटे-कांदे विकणारी ही मुलं तोंडी हिशेब चटकन करायची, पण तीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीनं कागदावर दिली की अडायची. आणि शाळेत जाणारी मुलं उलट, कागदावर बरी आणि बाजारात अडखळणारी. एका बाजूचं दुसऱ्या बाजूला आपोआप जात नाही. बातमी वाचताना मी 'बिचारी गरीब मुलं' म्हणून पान उलटलं होतं. माझ्या घरात एकाच पोरीच्या डोक्यात दोन्ही मुलं बसली होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती.

ग्रुपवरचा तो 'आपोआप' शब्द मग मला टोचायला लागला.

त्या संध्याकाळी मी आबांच्या पाकिटातून आणि माझ्या पर्समधून नोटा गोळा केल्या. पाचशेची एक नोट तिच्या हातात दिली आणि म्हटलं, यातले २७३ मला दे. मोजून, पुढे टाकत नाही, यातूनच काढून.

"सुट्टे नाहीत."

"मग?"

"मोड आण." तिनं पाचशेची नोट आबांना देऊन पाच शंभराच्या घेतल्या. दोन मला दिल्या. आता सत्तर हवेत. एक शंभराची मोडून दहा-दहाच्या दहा घेतल्या. सात मला. आता तीन. एक दहाची मोडून रुपयाची दहा नाणी. आबांकडे रुपये सहाच निघाले, बाकी चार आईनं देव्हाऱ्यातून आणून दिले. तीन मला. तिच्यापुढे उरलं: शंभराच्या दोन, दहाच्या दोन, रुपये सात.

मी काही बोलले नाही. कॅलेंडरचं पान फक्त तिच्यासमोर सरकवलं. तिनं ५०० मधल्या पाचावर काट मारून ४ केला, मधल्या शून्यावर १०, मग त्यावर काट मारून ९, शेवटच्या शून्यावर १०. "म्हणजे शून्याकडे मोड नसते म्हणून शंभराकडे जायचं," ती स्वतःशीच म्हणाली. दहातून तीन, नवातून सात, चारातून दोन. २२७.

बाईंनी हीच पद्धत वर्षभर शिकवली होती. तिला पायऱ्या पाठ होत्या. त्या पायऱ्यांत नोट आहे, हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि मी दिवसभर दुसरं काय करते?

*

इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण आबा खाटेवरून सगळं बघत होते. "एवढी काटाकाटी कशाला?" म्हणाले, आणि पेन्सिल घेतली. "शून्यातून तीन जात न्हाईत, दहातून तीन गेलं सात. हातचा एक. सात न् एक आठ, दहातून आठ गेलं दोन. हातचा एक. दोन न् एक तीन, पाचातून तीन गेलं दोन. झालं दोनशे सत्तावीस." वरच्या आकड्याला हात न लावता, एकही काट न मारता, पाच सेकंदांत.

धाकटीचे डोळे मोठे झाले. माझ्याही पोटात कळ आली, पण वेगळ्या कारणानं. ही जुनी पद्धत. शेजारच्याकडून घ्यायचं नाही, खालच्यात एक मिळवायचा. आमच्या पिढीत काहींना ही शिकवली, काहींना ती. शाळेत आता ही नाही.

आणि झालं तेच. दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही एकत्र केल्या. वर काट मारून शेजारच्याचा कमीही केला आणि खालच्यात एक मिळवलाही. ५०० वजा २७३, उत्तर ११७. मी आबांवर तडकले. "तुम्ही मध्ये पडायला नको होतं, आबा. आत्ता कुठं तिला जमलं होतं." आबा काही बोलले नाहीत, उठून गोठ्याकडे गेले. मला दिवसभर वाईट वाटलं. ज्या माणसानं मला गणित शिकवलं त्याला मी हे सांगत होते.

रात्री जेवताना धाकटीनंच विषय काढला. "आबा, खालच्यात एक का मिळवायचा?" आबा म्हणाले, "मास्तर सांगायचं, आमी करायचो. इचारायची सोय न्हवती." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला तरी कुठं माहीत होतं? हात धुता धुता विचार केला. मग थोरल्याला हाक मारली. तो चौदाचा, ही दहाची.

"तुम्हा दोघांत फरक किती?"

"चार."

"दहा वर्षांनी?"

"चारच," ती म्हणाली. "दोघं पण दहानं मोठे होणार ना." आणि मग हातातली भाकरी तशीच ठेवून, "म्हणजे आबा वरच्याला पण दहा देतात आणि खालच्याला पण दहा! वरच्याला सुट्टे दहा देतात आणि खालच्याला दहाची एक नोट!"

आबांनी माझ्याकडे बघून भुवई वर केली. साठ वर्षं ते ही वजाबाकी करत होते, पण तिच्यामागचं कारण त्यांनाही तेव्हाच कळत होतं.

*

३१ मेला परत आलो. शाळेला पंधरा दिवस होते. पुस्तिकेची उरलेली सव्वीस पानं थोरल्यानं क्रिकेटचे स्कोअर लिहायला घेतली होती, मी त्याला अडवलं नाही. धाकटीला एक दोनशेपानी वही दिली. डाव्या पानावर ती तोंडी कसं करते ते तिच्या शब्दांत, उजव्या पानावर तेच शाळेसारखं मांडून. दोन्हीकडचं उत्तर जुळलं नाही तर दोन्ही तपासायचं. विषय घरातलेच. दुधाचं बिल, पिशवीमागे किती, मध्ये दोन दिवस घेतलं नाही त्याचे वजा. आंब्याची पाच डझनाची पेटी, सात आंबे खराब, तर एक आंबा केवढ्याला पडला. लाइटबिलाचं रीडिंग, या महिन्याचं वजा मागच्या महिन्याचं.

रोज झालं नाही. पंधरा दिवसांत नऊ-दहा वेळा, दहा-पंधरा मिनिटं. कधी तिचा मूड नसायचा, कधी मी ऑफिसातून येऊन आडवी व्हायचे. भागाकाराच्या मांडणीचं डावं-उजवं अजून जुळलेलं नाही. तोंडी ती वाटून वाटून बरोबर पोचते, कागदावर मधलं शून्य खाते. ६१२ भागिले ६ चं उत्तर १२ लिहिते आणि तिला काही वाटत नाही. निदान आता डावं पान बघितल्यावर वाटतं.

डावी पानं वाचताना मला जे कळलं ते बावीस स्वच्छ पानांतून कधीच कळलं नसतं. तिला अठराचा पाढा येतो पण सतराचा येत नाही, कारण सतरानं कुणी काही विकत नाही. २५ ची बेरीज ती चार आण्यांसारखी चारात बांधते, हे तिला कुणी शिकवलं देव जाणे. आणि जिथं तिला आत्मविश्वास नसतो तिथं अक्षर बारीक होतं. ताळेबंद तपासताना मीही माणसांची हीच खूण बघते.

शाळा सुरू झाली, पहिल्या आठवड्यात उजळणीची चाचणी झाली. दहापैकी आठ. एक मार्क भागाकारात गेला, तो जायलाच हवा होता. दुसरा वजाबाकीत. उत्तर बरोबर, पण तिनं आबांच्या पद्धतीनं केलं होतं आणि बाईंनी लाल पेननं प्रश्नचिन्ह काढलं होतं. मला वाईट वाटलं, जाऊन बोलावं असंही वाटलं. धाकटी म्हणाली, "मी बाईंना वयाचं सांगितलं. त्या म्हणाल्या बरोबर आहे, पण पेपरात पुस्तकातलं कर. मी दोन्ही करते की." तेव्हा मी गेले नाही.

आबांचा फोन रोजचा चालूच आहे. हल्ली ते तिला जुने पाढे शिकवतात, पाऊणकी, दीडकी, अडीचकी, औटकीपर्यंत पोचायचं म्हणतात. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा हे मी स्वतः विसरले होते. परवा थोरला नववीच्या गणिताला बसला होता आणि पुटपुटत होता, सोळा साती, सोळा साती.

"बारोदरसे," स्वयंपाकघरातून धाकटी ओरडली.

"काय?"

"बारोदरसे. एकशे बारा रे. तुला मराठी येत नाही का?"

त्यानं कॅल्क्युलेटर काढून बघितलं.